शेतीशिक्षण वावरापर्यंत कसे पोहोचेल? खानदेशातील सदस्यांचे अनुभव हवे आहेत

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी गिरणा खोऱ्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. घरी कापूस, मका आणि लिंबाची बाग असल्याने शेतीशी रोजचा संबंध आहे. बरेच दिवस मनात असलेला प्रश्न इथे मांडतो. खानदेशातील सदस्यांनी आपापल्या तालुक्याचा अनुभव सांगावा, ही विनंती.

शेतीशिक्षणाच्या संस्था आपल्याकडे नाहीत असे म्हणता येणार नाही. धुळे, नंदुरबार आणि मुक्ताईनगर येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची महाविद्यालये आहेत, जळगावला केळी आणि तेलबियांची संशोधन केंद्रे आहेत, पाल, ममुराबाद, धुळे आणि नंदुरबारजवळ कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. जळगावच्या केंद्रातून आलेला जेएल-२४, म्हणजे ‘फुले प्रगती’, हा भुईमुगाचा वाण देशभर तर पसरलाच, पण आफ्रिकेत मलावीपर्यंत गेला. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, सरकारचे प्रायोगिक शेत आमच्या भडगावला होते. एवढे सगळे असूनही माझ्या आठवीच्या वर्गातील मुलांना, ज्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी वावर आहे, युरियाच्या गोणीत नत्र किती असते हे सांगता येत नाही, आणि त्यांच्या वडिलांनाही ते कधी कोणी समजावून दिलेले नसते.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिले, तेव्हा प्राथमिक शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे आणि मुलांना प्रत्यक्ष काम दाखवण्यासाठी शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, असे त्यांनी मांडले होते. माझ्या पाहण्यात तरी शेताला लागून असलेल्या आमच्या शाळांमध्ये असे नमुना शेत नाही. त्यामुळे सुरुवात शाळेपासूनच झाली पाहिजे, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते? शाळा, पदविका, पदवी, की थेट शेती करणाऱ्या प्रौढ माणसाला शिकवणे, यांपैकी कोणत्या टोकाकडून जोर लावला तर उत्पादनही वाढेल आणि गावात राहणेही सुसह्य होईल?

केळीपट्टा

शिक्षणाचे महत्त्व मान्य करूनही मला ही मांडणी पूर्णपणे पटत नाही. आमच्या रावेर भागात शेतकऱ्याला जे ज्ञान फायद्याचे दिसले, ते त्याने कोणताही अभ्यासक्रम न करता उचलले आहे. कंद लावून बसराई जातीची केळी घेणाऱ्या मागच्या पिढीचे पीक अठरा महिने वावरात उभे राहत असे. ग्रँड नैन जातीची ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे आणि ठिबक आले आणि अकरा-बारा महिन्यांत घड कापणीला येऊ लागला. ज्याच्या बागेत हा फरक दिसला, त्याच्या बांधावर शेजारी जाऊन उभा राहिला, आणि पुढच्या मृग बागेला, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीला, त्यानेही तीच रोपे लावली. घडाला पिशवी घालणे, खालच्या फण्या विरळ करणे, उन्हाळी वाऱ्यापासून बचावासाठी बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावणे, हे सगळे असेच पसरले.

आमचे दुखणे भावाचे आहे. नवती (नव्या लागवडीचा माल), पिलबाग (खोडव्याचा माल) आणि वापसी (निवडून उरलेला हलका माल) असे वेगवेगळे भाव रोज जाहीर होतात, पण बागेत गाडी लागल्यावर हातात पडतो तो भाव वेगळा असतो. माल झाडावर पिकू लागला की शेतकऱ्याचा नाइलाज होतो. उत्पादन वाढवण्याचे धडे देण्यापूर्वी वाढलेल्या उत्पादनाचे पैसे मिळतील याची हमी द्या. शिकण्याची इच्छा आपोआप जागी होईल.

अंजनीतीर

@केळीपट्टा, ठिबक बसवणे आणि ठिबक चालवणे यांत मोठे अंतर आहे. आमच्याकडे बहुतेक वावरांत नळ्या अंथरलेल्या आहेत, पण वीज आली की मोटर चालू आणि वीज गेली की बंद, हेच पाण्याचे वेळापत्रक आहे. पिकाचे वय, जमिनीचा पोत आणि उन्हाची तीव्रता पाहून किती वेळ पाणी द्यायचे, हे शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून दिसत नाही.

देवपूरवासी

मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली आहे, त्यामुळे त्या टोकाची बाजू सांगतो. माझ्या वर्गातील बरेच जण स्पर्धा परीक्षांकडे वळले, काही बँकेत कृषी अधिकारी झाले, काही बियाणे आणि खतांच्या कंपन्यांत गेले, आणि पूर्णवेळ शेती करणारे मोजकेच राहिले. यासाठी मुलांना दोष देणे अन्यायाचे आहे. चार वर्षे शहरात राहून शिकलेल्या मुलाकडून घराची अपेक्षा नोकरीचीच असते. “इतलं शिकीसन बी वावरमाच जानं शे का?” हा प्रश्न प्रत्येकाने घरी ऐकलेला आहे.

तरीही त्या अभ्यासक्रमातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे शेवटच्या वर्षाचा ग्रामीण कृषी कार्यानुभव. कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणून विद्यार्थी गावात राहतात, शेतकऱ्याच्या सोबत हंगाम काढतात, बीजप्रक्रियेची आणि माती नमुन्याची प्रात्यक्षिके करून दाखवतात. यात अडचण अशी होते की विद्यार्थी गाव सोडून गेले की काम थांबते, आणि पुढच्या वर्षी नवी तुकडी बहुतेक वेळा दुसऱ्या गावाला जाते. एकाच गावात सलग काही वर्षे तुकड्या पाठवल्या, आणि मागच्या तुकडीने कोणत्या वावरात काय केले याची नोंदवही पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर गावाला आणि विद्यार्थ्यांना दोघांनाही त्याचा पाठपुरावा करता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि वेगळा निधीही लागत नाही.

जाता जाता एक मुद्दा. अक्कलकुव्यापासून राहुरी सुमारे ३०० किलोमीटर आहे. खानदेशाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ असावे ही मागणी जुनी आहे. ते धुळ्याला व्हावे की जळगावला, यावर वाद घालण्यापेक्षा सातपुड्याच्या पायथ्याचे, तापी खोऱ्याचे आणि साक्रीकडच्या डोंगराळ भागाचे प्रश्न एकमेकांपासून किती वेगळे आहेत, हे आधी मांडले गेले पाहिजे.

अमळनेरकर

माझे कृषी केंद्र, म्हणजे बियाणे, खते आणि औषधांचे दुकान आहे. या चर्चेत दुकानदाराचा उल्लेख अजून आलेला नाही, पण खानदेशातील बहुसंख्य शेतकरी पिकावर काही दिसले की सर्वप्रथम येतो तो आमच्याच काउंटरवर. हातात किडलेले पान असते, नाहीतर मोबाइलमधला फोटो असतो, आणि प्रश्न एकच असतो: यावर काय मारू? उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते, आणि ते ज्याच्याकडून मिळते तोच माल देतो, उधारीही देतो. अशा व्यवस्थेत दुकानदाराचे शिक्षण हेच शेतकऱ्याच्या शिक्षणाचे सर्वांत जवळचे दार आहे, हे कोणीतरी गांभीर्याने घेतले पाहिजे.

हैदराबादच्या मॅनेज या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेने २००३ साली आमच्यासारख्या निविष्ठा (बियाणे, खते, औषधे) विक्रेत्यांसाठी ‘देसी’ नावाची एक वर्षाची पदविका सुरू केली. आठवड्यातून एक दिवस वर्ग भरतो. ४८ आठवड्यांपैकी ४० वर्गाचे आणि ८ शेतभेटीचे असतात. मी ती पूर्ण केली आहे. त्यातून मला सर्वाधिक उपयोग झाला तो नाही म्हणण्याचा. पानावर डाग आहेत म्हणजे बुरशीच आहे असे नसते; ते अन्नद्रव्याच्या कमतरतेचे किंवा विषाणूचेही असू शकतात, आणि तेव्हा फवारणीचा खर्च वाया जातो, हे आता मी ग्राहकाला समजावून सांगू शकतो.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल विष, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल आणि पिवळ्यातला फरक फवारणाऱ्याच्या जिवाशी जोडलेला आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसे दगावली, तेव्हापासून मी डबा देताना त्रिकोणावर बोट ठेवून सांगतो. फवारणी मात्र बहुधा सालदार किंवा रोजंदारीवरचा माणूस करतो आणि तो दुकानात कधीच येत नाही. त्याच्यापर्यंत हे कोण पोहोचवणार?

तापीची लेक

@अमळनेरकर यांनी शेवटी विचारलेला प्रश्न मला पुढे न्यायचा आहे, कारण दुकानात न येणाऱ्यांमध्ये आम्ही बायकाही आहोत.

आमच्या शिंदखेडा भागात निंदणी, कापूस वेचणी, मिरची तोडणी, कांद्याची लागवड ही कामे प्रामुख्याने बाया करतात. पिकाच्या पानाखाली काय आहे हे सगळ्यांत आधी निंदणाऱ्या बाईला दिसते, कारण ती दिवसभर त्याच उंचीवर वाकलेली असते. मावा कोणत्या सरीत पडला आणि कोणत्या कोपऱ्यातली झाडे मर लागून सुकू लागली, हे तिला माहीत असते. प्रशिक्षणाचे बोलावणे मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव असते त्याला येते, आणि ते सकाळी अकराला तालुक्याच्या ठिकाणी असते. त्या वेळी बाई वावरात असते. आणि रोज बुडवून ती आली, तर तिची त्या दिवसाची मजुरी कोणी भरून देत नाही.

आमच्या बचत गटाने यावर आमच्यापुरता उपाय काढला. कृषी विज्ञान केंद्राच्या मॅडमना आम्ही विनंती केली की तुम्ही संध्याकाळी, जेवणे उरकल्यावर, मंदिराच्या ओट्यावर या. त्या आल्या. पहिल्या बैठकीत त्यांनी काही शिकवले नाही. आम्हीच वावरातून आणलेली पाने, अळ्या आणि बोंडे मधल्या सुपात ठेवली आणि त्यांनी एकेक उचलून विचारले की ही तुम्ही कुठे पाहिली, कधी पाहिली, त्यानंतर झाडाचे काय झाले. मिरचीच्या पानाची वाटी वर वळली तर फुलकिडे आणि खाली वळली तर कोळी, ही खूण त्या रात्री आम्हाला कळली. आता आमच्या गटातील बाई घरी जाऊन नवऱ्याला नेमके सांगते की कोणती कीड आहे, आणि तो दुकानात जाऊन तिचेच नाव घेतो.

शेतीशिक्षण कोणाला द्यायचे याचा विचार सातबारा पाहून करू नका. हात कोणाचे चालतात ते पाहून करा.

बोरीकाठ

वरील प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. कोळ्याची आणि फुलकिड्यांची खूण मी छापून आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावत आहे.

अक्राणी

मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. आमच्याकडचा प्रश्न तापीकाठच्या मंडळींपेक्षा वेगळा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आमची मुले घरी पावरी आणि भिलीच्या बोली बोलतात. कृषी खात्याची घडीपत्रिका प्रमाण मराठीत असते आणि तिच्यातील ‘प्रादुर्भाव’, ‘एकात्मिक व्यवस्थापन’, ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ हे शब्द शिकलेल्या मराठी माणसालाही अडखळायला लावणारे आहेत. दुसरी अडचण स्थलांतराची. पावसाळी पीक निघाले की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलेही सोबत जातात, आणि शाळेचा निम्मा भाग त्यांच्याविना होतो. अशा मुलाला आठवीत शेतीचा विषय देऊन उपयोग नाही. जून ते ऑक्टोबर या काळात, तो गावात असताना, त्याच्या आईवडिलांसोबत त्याच्याच उतारावरच्या शेतात शिकवले पाहिजे.

शिकवायचे काय हाही प्रश्न आहे. आमच्या लोकांना बियाणे राखणे उत्तम येते. भगर, ज्वारी, मका आणि वालाचे कितीतरी देशी वाण त्यांनी घरात टिकवले आहेत. आमचूर करताना कैरीची फोड किती जाड कापायची आणि कोणत्या उन्हात वाळवायची, हे धडगावच्या बाईला कुणी सांगावे लागत नाही. त्यांना हवी आहे ती उतारावर माती धरून ठेवण्याची माहिती, शेळीच्या आजारांची माहिती आणि आमचूर विकताना व्यापाऱ्यासमोर वजन व प्रत यांचा हिशेब मांडण्याची क्षमता. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले, पाणी अडवले आणि त्यामुळे गावाची शेती उभी राहिली. त्यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या पाड्यांवरही आनंद झाला. बारीपाड्याची रानभाज्यांची स्पर्धा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल: ज्ञान गावातलेच होते, त्याला मान मिळाला आणि त्याची नोंद झाली.

सुकीखोरे

मी यावल तालुक्यातला आहे. @केळीपट्टा हे माझे शेजारीच म्हणायचे, परंतु ‘फायद्याचे ज्ञान आपोआप पसरते’ या त्यांच्या विधानाशी मी असहमत आहे. जे ज्ञान विकत मिळते तेच आपोआप पसरते. रोपे विकणारा होता, नळ्या विकणारा होता, म्हणून ते आले. ज्या ज्ञानातून कुणाचाही माल विकला जात नाही, ते शिकवणारे कुणीतरी मुद्दाम उभे करावे लागते.

उदाहरण आपल्याच बागेतले घ्या. ढगाळ हवा आणि सततचा पाऊस असला की नव्या लागवडीत हरण्या येतो, म्हणजेच कुकुंबर मोझॅक विषाणू. कोवळ्या पानावर पिवळसर पट्टे दिसतात, पाने आखडतात, पुढे पोंगा, म्हणजे मधले न उलगडलेले पान, सडतो. यावर कोणतेही औषध नाही. रोगट झाड दिसताक्षणी मुळासकट उपटायचे, बागेपासून दूर नेऊन गाडायचे, विषाणू वाहून नेणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करायचा, बागेत आणि आजूबाजूला काकडीवर्गीय वेली, टोमॅटो, वांगी, मिरची घ्यायची नाही आणि बांधावरचे तण काढायचे, एवढेच हाती असते. आता विचार करा, मी माझी झाडे उपटली आणि शेजाऱ्याने पुन्हा हिरवी होतील या आशेने राखली, तर माझ्या उपटण्याचा काय उपयोग? मावा बांध पाहून उडत नाही. इथे एका शेतकऱ्याने शिकून भागत नाही, शिवार शिकावे लागते. आणि प्रत्यक्षात काय होते, तर लोक बुरशीनाशकाच्या फवारण्या करत राहतात, कारण ते विकायला कुणीतरी आहे आणि ‘झाड उपटा’ असे सांगण्यात कुणाचीच कमाई नाही.

पाण्याचेही तसेच आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा आपला पट्टा दगडगोटे आणि वाळूच्या जाड थरांचा आहे, डोंगरातून येणारे पाणी तिथे मुरते आणि खालच्या विहिरींना मिळते. आपण त्याच पट्ट्यात बोअर खोल खोल नेत गेलो. मुरण किती आणि उपसा किती, हा हिशेब गावातल्या माणसांना मांडता यावा, हे माझ्या दृष्टीने शेतीशिक्षणच आहे.

केळीपट्टा

@सुकीखोरे, हरण्याबाबतचा मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर आमच्या शिवारात बैठक घेण्याची तयारी आहे. भावाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही. उलट तो शिक्षणातच यावा असे सुचवतो. फण्यांची प्रतवारी, खोक्यातील भरणी, निर्यातीच्या मालाला लागणारी लांबी व जाडी, शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब वाचणे, हे शिकवणारा वर्ग आमच्याकडे कुणी घेतला तर तरुण पोरे स्वतःहून येतील.

पांझरा

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो, अर्थात ते फार लांबचे नाही. साक्री-धुळे भागात पांझरेवर शेकडो वर्षे फड पद्धती चालली. नदीवर बंधारा, त्याखालच्या भिजणाऱ्या क्षेत्राचे फड, आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. पाणी वाटायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, सगळ्यांवर देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला पिकातून. एका फडात एकच पीक असल्याने पाणी किती लागणार याचा अंदाज नेमका यायचा, आणि फड आलटून पालटून असल्याने पिकांची फेरपालट आपसूक व्हायची. वरच्या अंगाला मोठी धरणे झाल्यावर नदीचा बारमाही प्रवाह राहिला नाही आणि फडही बरेच मोडले.

माझा मुद्दा असा की सामुदायिक निर्णयाचे शिक्षण आपल्या पूर्वजांना कामातूनच मिळत होते. @सुकीखोरे ज्याला ‘शिवार शिकणे’ म्हणतात, त्याचा जिवंत नमुना आपल्या जिल्ह्यात होता. कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना जुन्या पाटकऱ्यांकडे पाठवून हे लिहून घेतले पाहिजे, कारण ही पिढी आता थकली आहे.

वाघूरकाठ

एक वेगळी बाजू. माझा धाकटा भाऊ कृषी पदविका घेऊन घरची शेती करतो. केळी, हळद आणि दोन म्हशी असा त्याचा चांगला संसार होऊ शकतो, पण लग्नाची बोलणी ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नापाशी थांबतात. शहरात कमी पगारावर खासगी नोकरी करणाऱ्या त्याच्या मित्रांची लग्ने झाली. ग्रामीण जीवन सुधारायचे असेल तर शेती करणाऱ्या शिकलेल्या मुलाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, आणि ती भाषणांनी मिळणार नाही. त्याच्या कामाचा लेखी हिशेब, दरवर्षीचा ताळेबंद, त्याच्याकडे असला पाहिजे. भावाने तो ठेवायला सुरुवात केली तेव्हा घरच्यांनाही पहिल्यांदा कळले की म्हशींनी केळीच्या पडत्या वर्षाला कसा आधार दिला.

देवपूरवासी

@वाघूरकाठ, आपल्या भावाला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी शिक्षणक्रमांची माहिती अवश्य द्यावी. शेती सांभाळून पुढे शिकता येते.

कापूसवाट

मी शेतीशाळांचा प्रशिक्षक म्हणून जळगाव जिल्ह्यात काम करतो. या चर्चेतील बऱ्याच प्रतिसादांना जोडणारा एक धागा मला दिसतो, म्हणून उशिरा का होईना लिहितो.

शेतीशाळेची कल्पना १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या निमित्ताने सुरू झाली. तिचे सूत्र असे की वर्ग पिकात भरतो, पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक अंतराने भरतो, आणि शेतकरी स्वतः मोजतो. आमच्या कापसावरील गुलाबी बोंडअळीच्या शेतीशाळेत काय होते ते सांगतो. पीक साधारण दीड महिन्याचे झाले की हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतो. सलग तीन दिवस दर सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक नर पतंग आले, तर उपाययोजनेची वेळ झाली असे समजायचे. फुले लागली की डोमकळ्या शोधायच्या. गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल हातात घेऊन पाकळ्या उलगडल्या की आत अळी दिसते. मग हिरवी बोंडे तोडून फोडायची, कारण बाहेरून बोंड अगदी निरोगी असते. पहिल्यांदा बोंड फोडणाऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यानंतर त्याला व्याख्यानाची गरज राहत नाही. त्याच बैठकीत डिसेंबरअखेर फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस) मोडण्याचा आणि मे महिन्यातील लागवड टाळण्याचा विषय काढला तर लोक ऐकतात, कारण अळीचे जीवनचक्र कुठे तोडायचे हे त्यांनी पाहिलेले असते.

अडचण अशी की आमच्याकडच्या शेतीशाळा एखाद्या योजनेच्या काळापुरत्या असतात. आणि @तापीची लेक यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे: आम्ही वेचणीच्या दिवसांत बैठक ठेवतो आणि बाया आल्या नाहीत अशी नोंद करतो. यंदापासून मी वेळ बदलतो आहे.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्न मी ‘कोणत्या टोकाकडून’ असा विचारला होता. आपले अनुभव वाचून मला असे वाटते की शाळा ही जागा योग्य आहे, पण वर्ग फक्त मुलांचा असू नये. म्हणून येत्या जूनपासून आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या संमतीने पुढील गोष्टी करायचे ठरवले आहे.

गणिताच्या तासाला खतांची उदाहरणे येतील. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. केळीच्या एका झाडाला शिफारस २०० ग्रॅम नत्राची, म्हणजे युरिया सुमारे ४३५ ग्रॅम, आणि तोही एकदम न देता हप्त्याहप्त्याने. हे गणित मुलाने वहीत सोडवायचे आणि घरी प्रत्यक्षात किती टाकले जाते ते विचारून शेजारी लिहायचे. विज्ञानात पेरणीपूर्वी घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायची. शाळेजवळच्या एका पालकांनी कापसाचे थोडे क्षेत्र दिले आहे. तिथे सापळ्यांची नोंद मुले ठेवतील आणि दर पंधरवड्याला संध्याकाळी त्यांच्या आयांसह बैठक होईल. @कापूसवाट, पहिल्या बैठकीला आपण येऊ शकाल का?

आणखी एक विचारायचे आहे. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी मुलांकडून घरच्या वावराचे माती नमुने घ्यायचे आहेत. ते कधी आणि कसे घ्यावेत?

कापूसवाट

येतो. फुले लागण्याच्या सुमारास तारीख ठरवू.

अमळनेरकर

@गिरणाकाठ, हरभरा-गहू निघाल्यानंतर आणि शेणखत टाकण्यापूर्वी नमुने घ्या, मार्च-एप्रिल उत्तम. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची आणि विहिरीलगतची माती घेऊ नये. वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या एका बाजूची, वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घमेल्यात घ्यायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन काढून टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करत राहायचे. ओली असेल तर सावलीत वाळवा. खताची रिकामी पिशवी नमुन्यासाठी वापरू देऊ नका. चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, आधीचे पीक आणि पुढे घ्यायचे पीक लिहा, कारण शिफारस त्यावरून येते. काळ्या भारी जमिनीचा आणि मुरमाड तुकड्याचा नमुना वेगळा ठेवा, दोन्ही एकाच गटात असले तरी.

ममुराबादच्या केंद्रात आधी विचारून घ्या. नमुने बरेच असतील तर ते एकदम न नेता मुलांच्या गावांप्रमाणे गट करून नेणे सोयीचे पडेल.